ज्ञानाची भिशी

अक्रा शहरातल्या माकोला बाजारात टोमॅटो, कांदे, सुकी मासळी, कापडाचे तागे मांडून बसलेल्या बायकांकडे रोज एक माणूस फेरी मारतो. प्रत्येकीकडून ठरलेली रक्कम घेतो, तिच्या कार्डावर खूण करतो आणि पुढच्या गाळ्याकडे वळतो. महिना भरला की साठलेले पैसे तिला परत मिळतात. एका दिवसाची रक्कम तेवढी त्याची मजुरी. घानात याला ‘सुसू’ म्हणतात. आपल्याकडच्या पतसंस्थेचा पिग्मी एजंट तिथे गेला तर त्याला काही समजावून सांगावे लागणार नाही. नायजेरियातले योरुबा लोक गट करून पैसे जमवतात आणि पाळीपाळीने उचलतात, ती ‘एसुसू’. केनियात तिचे नाव ‘चामा’, दक्षिण आफ्रिकेत ‘स्टोकव्हेल’, इथिओपियात ‘इकुब’. मराठी घरात तिला भिशी म्हणतात.

व्यवस्थापनाच्या शिक्षणावर लिहिताना मी बाजारातून सुरुवात केली, त्याला कारण आहे. युरोप-अमेरिकेतल्या, चीनमधल्या आणि आता भारतातल्याही व्यवस्थापन संस्था आफ्रिकेतल्या विद्यापीठांशी करार करतात, तेव्हा समोरची पाटी कोरी आहे असे बहुधा धरून चालतात. सामंजस्य करारावर सह्या होतात, टेबलावर दोन झेंडे असतात, कुलगुरू हस्तांदोलन करतात. मग पाहुणे प्राध्यापक विमानाने येतात, आठ-दहा दिवस शिकवतात, कुठल्या तरी दूरच्या कंपनीची उदाहरणे सांगतात आणि परत जातात. त्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळ जण जीव ओतून शिकवतात. तरीही ज्या शहराच्या चुली माकोलाच्या भरवशावर पेटतात, त्या शहरातल्या वर्गात माकोलाचा धडा नसेल, तर त्या शिक्षणाने विद्यार्थ्याला स्वतःच्या आईच्या व्यवहाराची लाज बाळगायला शिकवले, असेच मी समजतो.

आणि ही लाज निरुपद्रवी नसते. ऑगस्ट 1979 मध्ये घानातल्या लष्करी राजवटीच्या सैनिकांनी माकोलाचा मुख्य बाजार जमीनदोस्त केला. महागाईचे खापर या बायकांवर फोडले होते. त्या माल दडवतात, भाव चढवतात, असा आरोप होता. बाजार पडला, टंचाई तशीच राहिली. 1983 साली दुष्काळ आला, रानांना वणवे लागले, नायजेरियाने हाकललेले लाखो घानावासी परतले आणि देश उपासमारीच्या दारात उभा राहिला. खेड्यातल्या मळ्यातून शहरातल्या ताटापर्यंत माल कसा पोचतो, उधारी कोण देते, नासाडीचा तोटा कोण सोसते, हे त्या बायकांना ठाऊक होते. राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते. ज्या व्यवस्थापनशास्त्राने हे ज्ञान लिहून ठेवायचे आणि राज्यकर्त्यांपुढे मांडायचे, ते शास्त्र त्या वेळी परदेशी पुस्तकांतून कारखान्याचा आराखडा शिकवत होते.

याच अक्रा शहरातून जगाला एक शब्द मिळाला, हे फार थोड्यांना माहीत असते. कीथ हार्ट हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ निमा या वस्तीत राहून तिथल्या लोकांची कमाई अभ्यासत होते. त्यांनी 1970 नंतरच्या पहिल्या वर्षांत तिला ‘अनौपचारिक’ म्हटले. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केनियावरच्या अहवालात तो विचार उचलला आणि अनौपचारिक क्षेत्र हा शब्द जगभर रूढ झाला. केनियातल्या कारागिरांचे स्वतःचे नाव मात्र वेगळे आहे : ‘जुआ काली’, म्हणजे रणरणते ऊन. उघड्यावर, डोक्यावर ऊन घेऊन पत्रा ठोकणाऱ्याने आपल्या कामाला दिलेले ते नाव आहे. एका शब्दात ते कामगार कोण नाहीत हे सांगितले आहे, दुसऱ्यात ते कुठे उभे आहेत हे. पाठ्यपुस्तकात पहिला शब्द गेला.

पूर्व नायजेरियातल्या इग्बो लोकांची उमेदवारीची रीत याहून मोठा धडा आहे. ओनित्शा, अबा, न्नेवी इथल्या बाजारांत एखादा व्यापारी गावाकडचा, नात्यातला किंवा ओळखीतला मुलगा आपल्या हाताखाली घेतो. मुलगा मालकाला ‘ओगा’ म्हणतो, त्याच्याच घरी राहतो, जेवतो, पाच-सात वर्षे दुकानात राबतो. पगार नसतो. मुदत संपली की ओगाने त्याला भांडवल, माल आणि दुकान मांडायला आधार देऊन मार्गी लावायचे असते. तोच मुलगा उद्या शेजारच्या गाळ्यात त्याच मालाचा धंदा करणार, हे ठाऊक असूनही. 1970 च्या जानेवारीत, नायजेरियातून फुटून निघालेल्या इग्बोबहुल बियाफ्राचे युद्ध संपले, तेव्हा बँकेत कितीही ठेव असली तरी इग्बो खातेदाराच्या हाती 20 पौंड ठेवण्यात आले. सगळा समाज कफल्लक झाला होता. त्या राखेतून त्यांचा व्यापार पुन्हा उभा राहिला, त्यात या रीतीचा वाटा फार मोठा आहे. रीतीत दोषही आहेत. मुदत भरत आली की चोरीचा आळ घेऊन मुलाला हाकलणारे ओगा असतात. मुलींना तिथे जागा जवळजवळ नाही. म्हणूनच तर तिचा अभ्यास हवा : लेखी करार कसा करावा, तक्रार कोणी ऐकावी, मुलींना दार कसे उघडावे. अलीकडे अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले आहे. पण हा धडा लागोसच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवला गेला पाहिजे होता आणि तिथून तो पुण्याला, बार्सिलोनाला, बोस्टनला जायला हवा होता.

तसे का झाले नाही, याचे सर्वांत नेमके निदान बेनिन देशाचे तत्त्वज्ञ पॉलँ हुंतोंजी यांनी केले. 2024 मध्ये ते वारले. त्यांचे म्हणणे असे की, आफ्रिकेत ज्ञानाचा व्यवहार कच्च्या मालासारखा चालतो. माहिती तिथे गोळा होते, सिद्धान्त युरोप-अमेरिकेत घडतो आणि तयार माल म्हणून परत येतो. तिथला अभ्यासकही मग बाहेरच्या वाचकाला आवडेल तेच लिहितो. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरला जाऊन धोतरजोडी होऊन परत येत होता, त्याचा हिशेब मांडण्यात आपल्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. कापसाच्या जागी माहिती ठेवा, तोच हिशेब आज तिथे चालू आहे.

दुःख याचे आहे की आता या व्यवहारात आपण गिरणीवाल्याच्या बाजूला जाऊन बसू लागलो आहोत. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका संस्थेने पूर्व आफ्रिकेतल्या एका विद्यापीठाशी करायच्या कराराचा मसुदा मला वाचायला दिला होता. त्यात एक कलम होते : अध्यापनाचे सर्व साहित्य, तिथल्या प्राध्यापकांनी तिथल्या उद्योगांवर लिहिलेल्या केससुद्धा (म्हणजे वर्गात चर्चेसाठी मांडलेले प्रत्यक्ष प्रसंग), आपल्या संस्थेच्या मालकीचे राहील. मी हरकत घेतली. उत्तर आले, ‘सर, हे नेहमीचेच कलम आहे. परदेशी संस्था आपल्यालाही हेच घालतात.’ माझी हरकत तिथेच थांबली नाही, पण ते उत्तर मला अजून सलते. आपल्याला टोचलेला काटा आपण काढून ठेवला होता तो दुसऱ्याच्या पायात घालण्यासाठी काय?

आपण स्वतः घेणारे होतो तेव्हा काय घडले, ते आठवून पाहावे. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था 1961 च्या डिसेंबरात स्थापन झाली. विक्रम साराभाईंचा पुढाकार, केंद्र आणि गुजरात सरकारचा आधार, फोर्ड फाउंडेशनचा पैसा आणि हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचे साहाय्य. कमला चौधरी यांच्यासारखी माणसे पहिल्या दिवसापासून होती. भारतीय प्राध्यापक हार्वर्डला जाऊन केस पद्धत शिकून आले, आणि आल्यावर त्यांनी भारतीय कारखान्यांच्या, भारतीय मालक-कामगारांच्या केस लिहायला घेतल्या. 1964 मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, 1965 मध्ये रवी मथाई पहिले पूर्णवेळ संचालक झाले, आणि पहिल्याच दशकात हार्वर्डचा औपचारिक आधार संपला. संस्था कोसळली नाही. हार्वर्डच्या अभ्यासक्रमात ज्याला जागा नव्हती असा शेती आणि सहकाराचा अभ्यास तिने सुरू केला. मथाई पुढे संचालकपद आपणहून सोडून साधे प्राध्यापक झाले आणि राजस्थानात जवाजा इथल्या विणकर-चर्मकारांबरोबर काम करत राहिले. त्या संस्थेचे पुष्कळ पदवीधर साबण आणि सिगारेट विकायला गेले, हेही खरे. तरी शिकवण्याची सूत्रे इथल्या माणसांच्या हाती आली होती, म्हणून मथाईंना जवाजाची वाट धरता आली.

त्याच सुमारास, 1960 साली, नायजेरिया स्वतंत्र होताच न्सुका इथे विद्यापीठ उघडले. त्याचे संस्थापक, नायजेरियाचे नेते न्नाम्दी अझिकिवे अमेरिकेत शिकले होते. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या कामाला येईल असे विद्यापीठ त्यांना हवे होते, इंग्रजी वळणाचे नको होते. मिशिगन स्टेट विद्यापीठाने माणसे पाठवली. सात वर्षांत बियाफ्राचे युद्ध पेटले आणि ते प्राध्यापक परत गेले. विद्यापीठ युद्धात होरपळले. पुढे 1980 नंतर कर्जफेडीच्या अटींखाली आफ्रिकेतल्या सरकारी विद्यापीठांचे अनुदान आटले, पगारांची किंमत उरली नाही, शिक्षक देश सोडून गेले. आफ्रिकेतली विद्यापीठे दुबळी का, असे विचारणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा. आपल्याला दोन दशकांची सवड मिळाली, त्यांना मिळाली नाही. यात आपली बुद्धी आणि त्यांची मंदता असे काही नाही.

तरीही उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. लागोस बिझनेस स्कूल 1991 मध्ये सुरू झाले, नैरोबीचे स्ट्रॅथमोर बिझनेस स्कूल 2005 मध्ये. दोन्हींना बार्सिलोनाच्या आयईएसई या संस्थेचा हात होता. आज त्यांचे अधिष्ठाते आणि बहुसंख्य शिक्षक आफ्रिकी आहेत. 2005 मध्येच आफ्रिकी बिझनेस स्कूल्सची स्वतःची संघटना उभी राहिली; तिने पुढे स्वतःचे मानांकनही सुरू केले. याची गरज होती. अमेरिका, ब्रुसेल्स आणि लंडन इथून मिळणाऱ्या मानांकनाचे शुल्क डॉलर, युरो, पौंडात भरावे लागते, आणि त्यासाठी संशोधन मोजायचे ते प्रामुख्याने पाश्चात्त्य नियतकालिकांच्या मापाने. घानातल्या कुमासीच्या प्राध्यापिकेने कुमासीच्या बाजारावर लिहिले तर ते ‘स्थानिक’ ठरते. बोस्टनच्या प्राध्यापकाने बोस्टनवर लिहिले तर तो सिद्धान्त ठरतो. हा अन्याय आहे आणि विद्वानांनी तो मुकाट्याने चालवून घ्यावा, हे मला मान्य नाही.

केनियाने जगाला शिकवल्याचे उदाहरण तर आपल्या हातातल्या मोबाइलमध्येच आहे. सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीने मार्च 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली. तिची चाचणी 2005 मध्ये घेतली, ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते मोबाइलवरून फेडता यावेत म्हणून. लोकांनी तिचा उपयोग गावी पैसे धाडायला केला. कंपनीने ग्राहकांचे ऐकले आणि योजनाच बदलली. गल्लीतल्या टपऱ्या बँकेचे काम करू लागल्या. ही गोष्ट आज जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत शिकवली जाते. वर्गात ती सांगताना कंपनीच्या हुशारीची तारीफ होते. हप्त्याची सोय बाजूला सारून गावच्या आईला पैसे धाडणाऱ्या मजुराने ती योजना घडवली, हे सांगायला नैरोबीचा शिक्षक लागतो. केस लिहिणाराही तोच असायला हवा.

इथे महात्मा फुले आठवतात. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. वरून विद्या आपोआप खाली झिरपेल ही समजूत खोटी आहे, असे त्यांनी त्या आयोगाला बजावले. आफ्रिकेतल्या कित्येक भागीदाऱ्यांना हा आरोप जसाच्या तसा लागू पडतो. भागीदारीचा सगळा भर बँकांच्या आणि तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या महागड्या, अल्पमुदतीच्या वर्गांवर असतो. ते वर्ग बंद करा असे मी म्हणत नाही. पण त्यांच्यातून येणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा माकोलाच्या बायकांच्या, जुआ कालीच्या लोहारांच्या, न्नेवीतल्या उमेदवार पोरांच्या शिक्षणाला, त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेला लागला पाहिजे. दुकान बंद झाल्यावर रात्री आठला वर्ग भरवता येतो. पुण्यात फुल्यांनी रात्रीची शाळा चालवली होती.

आता आपल्या ऋणाकडे वळतो. 1930 च्या डिसेंबरात धोंडो केशव कर्वे आफ्रिकेला निघाले. वय 72. पंधरा महिने ते मोंबासासह केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका फिरले. 1916 मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे काम तिथल्या भारतीयांना सांगावे, त्यांच्याकडून मदत मिळवावी, यासाठी. त्या दुकानदारांनी म्हाताऱ्या पाहुण्याला रिकाम्या हाती धाडले नाही. पण त्या दुकानांच्या गल्ल्यात पैसा कोणाचा होता? मीठ, साखर, कापड, रॉकेल घेणाऱ्या आफ्रिकी गिऱ्हाइकाचा होता. आमच्या आज्या-पणज्यांच्या शिक्षणात मोंबासाच्या गोदी कामगाराचा आणि युगांडातल्या कापूस पिकवणाऱ्याचा पैसा आहे. त्याची पावती कोणी फाडली नाही, म्हणून ऋण नाहीसे होत नाही.

पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी त्याची थोडी परतफेड केली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी स्मारक म्हणून महाविद्यालयासाठी निधी उभारला. ती गांधी मेमोरियल अकादमी वेगळी न काढता नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात विलीन केली गेली. सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुले असलेले ते कॉलेज 1956 मध्ये सुरू झाले आणि 1970 मध्ये नैरोबी विद्यापीठ झाले. आता दुसरे चित्र पाहा. जून 2016 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी घाना विद्यापीठाच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण केले. तिथल्या प्राध्यापकांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या लिखाणातील कृष्णवर्णीयांविषयीच्या उद्गारांवर बोट ठेवले. डिसेंबर 2018 मध्ये पुतळा हटवला गेला. मी गांधीजींना मानतो आणि त्या बातमीने मला वेदना झाली. तरी त्या प्राध्यापकांचे म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले आणि मला वाटले, त्यांना आधी विचारायला हवे होते. भेट कोणती हवी, हे घेणाऱ्याला विचारायचे असते.

आणि आपल्या दारात काय चालले आहे? पुण्यात सुदान, केनिया, टांझानिया, नायजेरिया इथून विद्यार्थी येतात. सिम्बायोसिसचा जन्मच परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणातून झाला. मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी वसतिगृहात काविळीने आजारी पडला होता, त्याला खिडकीतून जेवण देणारी मुलगी शां. ब. मुजुमदार यांनी पाहिली, आणि 1971 मध्ये संस्था उभी राहिली. त्याच शहरात आज आफ्रिकी मुलाला खोली देताना घरमालक नाक मुरडतात, सोसायटीच्या बैठकीत त्याच्याबद्दल काय बोलले जाते ते मी स्वतः ऐकले आहे. ग्रेटर नोएडात मार्च 2017 मध्ये जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली, ते सगळ्या देशाने पाहिले. त्यांच्या प्राध्यापकाशी करार करायचा आणि त्यांच्या विद्यार्थ्याला जिन्यावरून परत धाडायचे, हे एकाच संस्कृतीला शोभत नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांचा विभाग उघडणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने आधी आपल्या परिसरातल्या दहा घरमालकांना चहाला बोलवावे आणि त्या मुलांशी त्यांची ओळख करून द्यावी. खर्च फार येणार नाही.

व्यवस्थापन संस्था चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढचा करार कराल तेव्हा त्याचा पहिला मसुदा अक्राला, कंपालाला, नैरोबीला लिहू द्या. तिथे लिहिलेली केस तिथल्याच लेखकाच्या नावावर आणि मालकीची राहू द्या. शिकवायला जाणाऱ्या आपल्या प्राध्यापकाला आधी महिनाभर बाजारात बसवा, सुसू गोळा करणाऱ्यामागे फिरू द्या, मग त्याने फळ्यासमोर उभे राहावे. आपल्या मुलांच्या अभ्यासक्रमात इग्बो उमेदवारी घाला आणि ती शिकवायला नायजेरियाचा शिक्षक पूर्ण सत्रासाठी, इथल्या प्राध्यापकाएवढ्याच मानाने आणि मानधनाने बोलवा. करार किती वर्षांनी संपवायचा तेही पहिल्याच पानावर लिहा. आपल्या आयांनी आयुष्यभर भिशी चालवली आहे. ज्या घरात नड मोठी, त्या घराला पहिली उचल देताना त्यांनी उपकार केल्याचे कधी मनात आणले नाही. या भिशीतली पहिली उचल आफ्रिकेला द्या.